‘सोयीचं तेवढंच ऐकू येतं’ म्हणे!

बाजारात नारळ घेताना आपण काय काय करतो बघा. हातात तोलायचा, कानाशी नेऊन हलवायचा, शेंडीखाली ओल नाही ना ते बघायचं, वर एकदा हुंगायचा. नारळवाला वैतागेपर्यंत! एवढं करून निर्णय होतो दोन क्षणांत. हात, कान, डोळे, नाक असे चार साक्षीदार. चौघं एकच सांगत असतील तर प्रश्न नाही. पण पाणी छान खळखळतंय आणि वास मात्र खवट येतोय, तेव्हा कुणाचं खरं मानायचं? मेंदू हे कसं ठरवतो, याचा शास्त्रज्ञांनी बराच छडा लावलाय. मला त्यात रस वाटायला लागला तो माझ्या सासूबाईंमुळे.

सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. काही वर्षांपासून कमी ऐकू येतं. समोर बसून बोललं की सगळं कळतं, पण स्वयंपाकघरातून हाक मारली तर ओ नाही. संध्याकाळी वीज गेली की त्या गप्पांमधून उठूनच जातात. यावर घरातला ठरलेला शेरा, ‘आईंना सोयीचं तेवढंच ऐकू येतं!’ पाहुणेरावळे हसतात. मैत्रिणींनो, हे वाक्य तुमच्याही घरी असेल. माझ्या मते त्याच्याइतकं अन्यायाचं वाक्य नाही.

१९७६ साली हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड या दोघा मानसशास्त्रज्ञांनी इंग्लंडमध्ये केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पडद्यावर एक बाई ‘ग, ग’ म्हणतेय, पण आवाज जोडलाय ‘ब, ब’ असा. बघणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांना काय ऐकू आलं असेल? ‘द, द’! म्हणजे कुणी म्हटलंच नव्हतं ते. डोळे मिटले की लगेच ‘ब’. गंमत म्हणजे युक्ती माहीत असूनही फसगत टळत नाही. तुमचे-माझे धडधाकट कानसुद्धा समोरच्याच्या ओठांची साक्ष काढतच असतात, आपल्याला त्याचा पत्ता नसतो इतकंच. सासूबाई ती जरा जास्त काढतात. अंधारात ओठ दिसत नाहीत, मग बोलणं कळणार कसं? यात सोय कुठे आली?

कुणाच्या साक्षीला किती वजन द्यायचं, हे कायमचं ठरलेलं नसतं. मार्क अर्न्स्ट आणि मार्टिन बँक्स या संशोधकांनी २००२ साली हे फार छान दाखवलं. लोकांना एका पट्टीची उंची ओळखायची होती, डोळ्यांनी बघून आणि चिमटीत धरून. दोन्हींत मुद्दाम थोडा फरक ठेवलेला. दृश्य स्वच्छ होतं तोवर लोक डोळ्यांवर विसंबले. ते धूसर करत नेलं, तसतसा कौल बोटांकडे झुकत गेला. ‘आता डोळ्यांवर विश्वास ठेवू नका’ असं कुणी सांगितलं नव्हतं. ज्याची साक्ष त्या क्षणी जास्त भरवशाची, त्याला मेंदू आपसूक जास्त वजन देतो.

पण भरवशाचा साक्षीदारच नाहीसा झाला तर? २०२० साली करोना आला आणि सगळ्यांच्या तोंडावर मास्क चढला. सासूबाई तोवर पेन्शन काढायला एकट्या बँकेत जायच्या. आता काउंटरवरचा माणूस मास्कमधून काय बोलतोय ते कळेना. दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटली. स्वतःचा पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या बाईनं पासबुक मुलाच्या हातात दिलं.

त्यातच मोतीबिंदू पिकला. पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन झालं नि आठवड्याभरात म्हणतात कशा, ‘अगं, मला ऐकायला बरं येतंय!’ सगळे हसले. पण त्यांचं बरोबरच होतं की. ओठ पुन्हा स्पष्ट दिसायला लागले होते.

आणखी एक. त्यांना काही विचारलं की उत्तर यायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात कुणीतरी त्यांच्या वतीनं बोलून मोकळं होतं. मायकेल शॅडलेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत माकडांवर प्रयोग केले होते. पडद्यावरचे ठिपके डावीकडे सरकताहेत की उजवीकडे, हे माकडानं ओळखायचं. मेंदूतल्या काही पेशींची हालचाल पुरावा जमत जाईल तशी चढत जाते, ठरावीक पातळीला पोचली की निर्णय. थोडेच ठिपके एका दिशेनं जात असतील तर ही चढण सावकाश होते. अंधूक ऐकणाऱ्या माणसाचंही थोडंफार असंच होत असणार. विचार थांबलेला नसतो, पुरावा गोळा होत असतो.

कानांची तपासणी करून घ्यायलाच हवी, ती आम्ही केलीय. आता मशीनची सवय चालू आहे, कुरकुरत. घरात मी दोनच गोष्टी बदलल्या. त्यांच्या खुर्चीसमोरच्या खुर्चीवर उजेड पडेल असा दिवा लावला, आणि बोलायचं ते समोर जाऊन, चेहरा दिसेल असं. हाका मारणं बंद.

पासबुक अजून मुलाकडेच आहे. गेल्या महिन्यात त्यांनी ते दोनदा मागितलं. ‘कशाला आई आता, मी बघतो ना,’ असं उत्तर मिळालं. ते मात्र त्यांना पहिल्या खेपेला, अगदी स्पष्ट ऐकू आलं.