भय : दाराबाहेरचे आणि दाराआतले

भुताच्या गोष्टी ऐकतच आपण लहानाचे मोठे झालो. पिंपळावरचा मुंजा, विहिरीवरची हडळ, वेशीबाहेरचा वेताळ. प्रत्येकाची जागा ठरलेली, वेळ ठरलेली. ती वाट टाळली की माणूस सुखरूप घरी पोचे. अमेरिकन दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो यांनी १९६८ साली आपल्या पहिल्याच मोठ्या चित्रपटात ही वहिवाट मोडली. ‘नाईट ऑफ द लिव्हिंग डेड’ हे त्याचे नाव. त्यात नुकतेच मेलेले लोक उठतात आणि जिवंतांना खाण्यासाठी राहत्या घराच्या दाराशी येतात. रोमेरो १६ जुलै २०१७ रोजी, वयाच्या ७७ व्या वर्षी, टोरोंटो येथे वारले. लोकांना भिवविणाऱ्या या माणसावर लोकांनी एवढी माया का करावी, याचा उलगडा त्या चित्रपटातच होतो, असे आम्हांस वाटते.

पिट्सबर्ग हे पोलादाच्या कारखान्यांसाठी नावाजलेले शहर. तेथे रोमेरो आणि त्यांचे सोबती जाहिरातींचे छोटे चित्रपट बनवून पोट भरीत. मोठा चित्रपट काढायचे ठरले तेव्हा दहा जणांनी प्रत्येकी ६०० डॉलर घातले व कंपनी काढली. तिचे नावही ‘इमेज टेन’. पुढे आणखी पैसा उभा राहिला आणि सुमारे १,१४,००० डॉलरांत काम पुरे झाले. चित्रपट कृष्णधवल, रक्त म्हणून चॉकलेटचा पाक वापरला. निर्मात्यांनी स्वतःच तोंडाला रंग लावून भूमिकाही केल्या.

कथा एका रात्रीची आहे. शेतावरच्या एका घरात सात माणसे अडकतात. बाहेरचे मुडदे मंदगती, हातात हत्यार नाही, डोक्यात अक्कल नाही. बेन नावाचा काळा तरुण दारेखिडक्यांवर फळ्या ठोकतो; माळ्यावर नाही, तळघरात नाही, इथेच थांबून लढायचे, असे त्याचे मत. कूपर नावाचा गृहस्थ म्हणतो, तळघराला एकच दार आहे, तेच सुरक्षित. दोघेही हट्टाला पेटतात. बेन बाहेरून जीव घेऊन परततो तेव्हा कूपर दार उघडीत नाही. पुढे बंदुकीवरून झटापट होते आणि बेनच्या हातून कूपरला गोळी लागते. तोवर फळ्या तुटलेल्या असतात. गंमत अशी की बेन ती रात्र काढतो ती तळघरातच. म्हणजे कूपरचे म्हणणे खरे होते. पण ते ऐकावे असे त्याचे वागणे नव्हते, आणि ऐकून घ्यावे एवढा धीर बेनलाही नव्हता.

कामगारांच्या सभांत आयुष्य काढलेल्या आम्हांस हे दृश्य परके वाटले नाही. मालकाने फोडण्याआधीच आपल्या हातांनी फुटलेले संप आम्ही पाहिले आहेत. तेथेही बहुधा दोन्ही बाजूंचे थोडेथोडे बरोबर असते. एकमेकांचे ऐकून घेणे तेवढे राहून जाते.

सकाळी बंदूकधारी सुटकापथक येते. खिडकीत उभ्या असलेल्या बेनला ते मुडदा समजून गोळी घालते आणि प्रेतांच्या ढिगावर टाकते. ही भूमिका ड्वेन जोन्स यांनी केली. ती काळ्या माणसासाठी म्हणून लिहिली नव्हती. चाचणीत ते सरस ठरले म्हणून त्यांना मिळाली. परंतु चित्रपट आला तो १९६८ च्या ऑक्टोबरात. त्याच वर्षी ४ एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला होता. प्रेक्षकांनी शेवटाचा अर्थ लावला तो या घटनेच्या उजेडात.

इमेज टेनच्या मंडळींचे पुढे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. चित्रपटाचे मूळ नाव वेगळे होते. वितरकाने ते बदलले, आणि नव्या नावाच्या पाटीवर स्वामित्वहक्काची ओळ घालायची राहिली. त्या वेळच्या अमेरिकन कायद्याप्रमाणे ती ओळ नसली की हक्कच बुडे. चित्रपट कोणीही दाखवावा, कोणीही विकावा, असा झाला. १९९९ साली तो अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-नोंदवहीत गेला. पण घडविणाऱ्यांच्या पदरी कमाईचा थोडाच वाटा पडला. घाम सर्वांनी मिळून गाळला, कागद मात्र कोणी वाचला नाही. हे भूतही आपल्या ओळखीचे आहे.

चित्रपटाचा आरंभ इव्हान्स सिटी या गावच्या दफनभूमीत होतो. तेथील लहानसे प्रार्थनामंदिर मोडकळीस आले आणि २०११ साली ते पाडण्याची वेळ आली. तेव्हा चित्रपटाच्या चाहत्यांनी वर्गणी केली. सुमारे ५०,००० डॉलर जमले आणि ते वाचले. ज्या कथेतील सात माणसांना एक रात्र एकत्र राहता आले नाही, ती पाहून भ्यालेली माणसे चार भिंतींसाठी एकत्र आली. रोमेरोंचे स्मारक म्हणून आम्हांस तरी एवढे पुरेसे वाटते.