नुसते ‘छान’ नको!

हौशी छायाचित्रकाराने फोटो पुढे केला, की आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया उमटतात : ‘वा, छान!’ किंवा ‘काही मजा नाही.’ पहिलीने तो सुखावतो, दुसरीने हिरमुसतो. शिकत मात्र काहीच नाही. म्हणून कुणी फोटो दाखवला, की माझी नजर प्रथम कुठे गेली आणि कुठे अडली, एवढेच मी आधी सांगतो. आजीच्या चेहऱ्याआधी मागची ट्यूबलाइट दिसली, तर तसे म्हणावे. दोष चौकटीचा असतो, आजीवरच्या मायेचा नव्हे.

ऐकणाऱ्यालाही पथ्य आहे. ‘मागे सरकायला जागाच नव्हती हो!’ हा खुलासा फोटोबरोबर फिरत नाही. आंरी कार्तिए-ब्रेसाँ एरवी फोटो कापण्याच्या विरुद्ध. पण १९३२ साली पॅरिसच्या सेंट लझार स्थानकामागे, कुंपणाच्या फटीतून त्यांनी टिपलेला, डबक्यावरून झेपावणारा माणूस आठवा. त्या फोटोत डावीकडे कुंपण आले होते. ते त्यांनी कापलेच.

टीका ऐकून माणसाने कॅमेरा कपाटात ठेवला, तर ती टीका वाया गेली. दुसऱ्या दिवशी तो ट्यूबलाइट मालवून आजीला खिडकीपाशी बसवायला धावला पाहिजे. आजी काही कायमची बसून राहणार नसते.