आर्चबिशपचा डच कारकून

२१ सप्टेंबर १५८३ रोजी नवे आर्चबिशप व्हिसेंते द फोन्सेका गोव्यात दाखल झाले. त्यांच्या लवाजम्यात यान हॉयखेन फान लिन्स्खोटेन नावाचा विशीतला डच तरुण होता. काम लिखापढीचे. पोर्तुगीज आपल्या दर्यामार्गांची माहिती जिवापाड जपत, आणि हा परका मुलगा त्यांच्याच राजधानीत पाच वर्षे वावरला.

त्याची नजर फार चौकस होती. गोव्याच्या मुख्य रस्त्यावर रोज सकाळी लिलाव भरे. अरबी घोडे, मसाले, गालिचे आणि गुलाम माणसेही तिथे विकली जात. ते सगळे त्याने टिपले. माडाची सुरा, गूळ, काथ्या, तेल यांवर त्याने सविस्तर लिहिले. भिवंडीत ज्यांचे पोट मागावर आहे, त्यांनी तर त्याच्या ग्रंथातला चौलचा भाग वाचायलाच हवा: चीनहून आलेले कच्चे रेशीम तिथल्या विणकरांच्या हाती साटीन, ताफ्ता होऊन बाहेर पडे.

मात्र सगळेच विश्वासार्ह नाही. इथल्या देवळांबद्दल तो तुच्छतेने लिहितो, धोत्रा देऊन नवऱ्याला गुंगवणाऱ्या बायकांच्या कथाही रंगवतो.

१५८३ च्या अखेरीस होर्मुझला पकडलेले चार इंग्रज गोव्याच्या तुरुंगात आले. त्यांच्यासाठी खटपट करणाऱ्यांत लिन्स्खोटेन होता, तसेच फादर थॉमस स्टीफन्सही. मराठी ‘क्रिस्तपुराणा’चे कर्ते ते हेच.

आर्चबिशप पोर्तुगालच्या वाटेवर समुद्रातच वारले. आधार तुटलेला लिन्स्खोटेन १५८९ मध्ये कोचीनहून निघाला, अझोर्स बेटांवर दोन वर्षे अडकला आणि १५९२ मध्ये एन्खाउझेनला घरी पोचला.

त्याचे सर्वांत परिणामकारक काम तिथे झाले, आणि ते अनुवादाचे होते. पोर्तुगीज व स्पॅनिश सुकाणूधाऱ्यांच्या नोंदी त्याने डच भाषेत आणल्या: वारे कधी फिरतात, खडक कुठे आहेत, नांगर कुठे टाकावा. चीन-जावा त्याने स्वतः पाहिले नव्हते, तरी मलाक्का टाळून सुंदा सामुद्रधुनीने जावे हा त्याचा सल्ला अचूक ठरला. १५९५ मध्ये डच दर्यावर्दी हाउटमनची जहाजे हीच माहिती घेऊन निघाली. पुढच्या वर्षी ‘इतिनेरारियो’ हा संपूर्ण ग्रंथ आला. १५९८ मध्ये त्याची इंग्रजी आणि जर्मन भाषांतरे निघाली. त्याच वर्षी त्याने आकोस्ताचा अमेरिकेवरचा स्पॅनिश ग्रंथ डचमध्ये आणला.

१६०२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी उभी राहिली. लिन्स्खोटेन १६११ मध्ये वारला. १६३७ मध्ये डचांनी गोव्याच्या अगदी शेजारी, वेंगुर्ल्याला वखार घातली आणि तिथूनच पोर्तुगीजांच्या जहाजांवर पाळत ठेवली.