एक शनिवार : डोंगराचा आणि घरकामाचा

धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम आटोपल्यानंतरच्या शुक्रवारी संध्याकाळी आम्ही उत्तर व्हर्जिनियातील एका मित्राच्या घरी मुक्कामाला गेलो. परदेशातील आपल्या कुटुंबांच्या भेटीगाठी बहुधा जेवणावळी आणि गप्पा यांतच संपतात. या मित्राचे आमंत्रण मात्र निराळे होते. "शनिवारी सकाळी डोंगर, दुपारी घरकाम. पाहुणे म्हणून कोणालाही सूट नाही," असे त्याने आधीच कळवले होते. घरात तो, वहिनी, त्यांची बारा वर्षांची मुलगी आणि भारतातून काही महिन्यांसाठी आलेले आजोबा, म्हणजे मित्राचे वडील. आमच्या दोन मुलांसह आम्ही चौघे.

सकाळी सहाला निघून आम्ही शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यानात पोहोचलो. ब्लू रिज पर्वताच्या माथ्यावरून जाणारा १०५ मैलांचा स्कायलाइन ड्राइव्ह या उद्यानाचा कणा आहे. ऑक्टोबरातली पानगळ सुरू झाली होती. मेपल, ओक आणि हिकरी यांनी उतारावर पिवळ्या-तांबड्या रंगांची उधळण केली होती. आम्ही निवडलेली बेअरफेन्सची वाट अंतराने लहान, पण दोन्ही हात टेकल्याशिवाय चढता न येणारी आहे. खडकांवर रंगवलेल्या निळ्या खुणा शोधत मुले पुढे गेली आणि मागून आम्ही धापा टाकत पोहोचलो. माथ्यावरचा हिरवट खडक कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे, हे ऐकताच मुलांनी विचारले, "मग आपल्या सह्याद्रीसारखाच का?" सह्याद्रीही लाव्ह्याचाच, पण वयाने कितीतरी धाकटा, असे आम्ही सांगितले. पायथ्याशी पसरलेली दरी पाहताना थोडा वेळ कोणी काही बोलले नाही.

आजोबा आणि वहिनी खाली थांबले होते. सर्वांनी मिळून जेवण केले ते तिथून जवळच असलेल्या लुईस माउंटन येथे. हे ठिकाण मित्राने मुद्दाम निवडले होते. १९३५ साली स्थापन झालेल्या या उद्यानात त्या काळी वर्णभेदाचे नियम लागू होते. १९३९ साली लुईस माउंटनचा तळ उघडला तो केवळ कृष्णवर्णीयांसाठी. राहण्याची, तंबू ठोकण्याची आणि वनभोजनाची त्यांची जागा वेगळी. १९५० पर्यंत हा भेद उद्यानातून संपुष्टात आला. आता उद्यानाचे प्रशासन हा इतिहास स्वतःच सांगते.

आजोबांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, "पाणीबी वेगळं होतं का रे?"

त्या प्रश्नात महाड होते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने तळ्याच्या खटल्यात अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. त्यानंतर दोनच वर्षांनी जगाच्या दुसऱ्या टोकाला, सार्वजनिक पैशांतून उभ्या राहिलेल्या उद्यानात, माणसांसाठी निराळी जागा आखली जात होती. आम्ही बसलो होतो त्या बाकांवर त्या दुपारी नाना वर्णांची कुटुंबे डबे सोडत होती. आजोबांनी डब्यातली चपाती मोडली आणि सर्वांना अर्धी-अर्धी दिली.

घरी परतल्यावर कामांची यादी निघाली. या घरात शीतकपाटावर एक तक्ता लावलेला आहे आणि चिठ्ठ्या टाकून कामे वाटली जातात. आमच्या वाट्याला अंगणातली पाने दाताळ्याने ओढणे आणि छपराच्या पन्हळी साफ करणे आले. मित्राकडे कपडे, वहिनींकडे गाडी. मुलीच्या चिठ्ठीत स्वच्छतागृह निघाले. ती ब्रश घेऊन निघाली तेव्हा आजोबा खुर्चीतून उठले.

"त्या पोरीला संडास घासाया लावू नका," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. पण घर स्तब्ध झाले.

मित्राने समजावण्याचा प्रयत्न केला. इथे प्रत्येक जण स्वतःचे काम स्वतः करतो, कोणतेही काम हलके नसते, मुलांना हे लहानपणीच कळले पाहिजे, वगैरे. आजोबांनी त्याला पुरते बोलू दिले. मग म्हणाले, "तुमच्या हातात हा ब्रश चिठ्ठीतून आला. माझ्या हातात जातीतून आला होता. तुझ्या हातात तो येऊ नये म्हणून तर तुला शाळेत घातलं."

आजोबांनी एका नगरपालिकेत सफाई कामगार म्हणून एकतीस वर्षे काढली. त्यांचे वडील गावकीची कामे करीत. मेलेली गुरे ओढणे आपल्या लोकांनी सोडावे, ही बाबासाहेबांची हाक त्या घरात पोहोचली तेव्हा गावाने त्यांना दाणापाणी बंद केले होते. हे सर्व आम्हाला त्या दुपारी प्रथमच कळले. मित्रालाही त्यातले अर्धेच ठाऊक होते.

जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे, तर श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांचे विवेचन आपण सर्वांनी वाचले आहे; व्याख्यानांतून ऐकले आहे. त्या दुपारी ते आमच्यासमोर दारात उभे होते. मित्राचे म्हणणे खोटे नव्हते आणि आजोबांचेही नव्हते. काम तेच, ब्रशही तसाच. फरक इतकाच की मुलीची पाळी पुढच्या शनिवारी बदलणार होती; आजोबांची एकतीस वर्षांत बदलली नाही.

शेवटी मुलीनेच विचारले, "आजोबा, तुम्ही हातमोजे घालायचात का?"

"मागितले की साहेब हसायचा," आजोबा म्हणाले.

ती आत जाऊन रबरी हातमोजे घालून आली आणि त्यांच्यापुढे हात धरून उभी राहिली. आजोबांनी मोज्यांच्या कडा कोपरापर्यंत नीट ओढून दिल्या. "खिडकी उघडी ठेव. औषधाचा वास डोक्यात जातो," एवढेच म्हणाले आणि परत खुर्चीत बसले. थोड्या वेळाने त्यांनी तक्त्यावर आपलेही नाव लिहायला सांगितले. मात्र मेथी निवडण्यापुढे.

आम्ही पन्हळीतला पानांचा चिखल बाहेर काढत होतो तेव्हा मनात वेगळीच टोचणी होती. परदेशात स्वतःचे घर स्वतः झाडतो, याचा आम्हाला अभिमान वाटतो. पण सुट्टीत भारतात गेलो की नातेवाइकांच्या घरी मोरी आणि संडास धुणाऱ्या बाईंचे नावही आम्ही कधी विचारलेले नाही. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ आणि २०१३ साली कायदे झाले, तरी गटारात उतरून माणसे आजही मरतात. ती बातमी आम्ही वाचतो, एकमेकांना पाठवतो आणि पुढच्या कामाला लागतो. श्रमाची प्रतिष्ठा आम्ही फक्त आमच्या श्रमापुरती मान्य केली आहे काय?

संध्याकाळी त्रिशरण-पंचशील झाले. आजोबांच्या मागोमाग मुलांनीही ते म्हटले. जेवायला ज्वारीच्या भाकरी आणि आजोबांनी निवडलेली मेथी होती. जेवताना मुलीने त्यांना विचारले की पहिल्या दिवशी कामावर काय झाले, आणि आजोबा सांगू लागले. मित्राने भांडी घासायचे थांबवून हात पुसले व जवळ येऊन बसला. रात्री साडेअकरापर्यंत आम्ही ऐकत होतो.

घरी परतल्यावर आमच्याही शीतकपाटावर तक्ता लागला आहे. येत्या डिसेंबरात आम्ही महाराष्ट्रात जाणार आहोत. मुलांनी त्या तक्त्याच्या तळाशी एक काम आधीच लिहून ठेवले आहे : काकांच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींचे नाव विचारणे आणि त्यांच्याकडे हातमोजे आहेत की नाहीत, ते पाहणे.