गाण्याची नक्कल : थोडा विज्ञानाचा हिशेब, थोडा बाजाराचा

शिक्षकांच्या एका शिबिरात ध्वनीवरचे आमचे सत्र संपले, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका बाईंनी विचारले, "मुलांना समूहगीत शिकवायचे म्हणून मी ते इंटरनेटवरून उतरवून घेतले. ही चोरी झाली का हो?" आम्ही पडलो पदार्थविज्ञानाचे. 'हा कायद्याचा प्रश्न आहे' म्हणून हात झटकणे सोपे होते, आणि त्या दिवशी आम्ही तेच केले. परतीच्या प्रवासात मात्र लक्षात आले, की या प्रश्नाचा निम्मा भाग आमच्याच विषयातला आहे. गाण्याची नक्कल करायला पूर्वी काय लागत असे आणि आता काय लागते, हे पाहिल्याशिवाय अमेरिकेत १९९९ साली पेटलेला वाद उलगडत नाही.

वर्गात एक साधा खेळ करून पाहा. एका मुलाला महाराष्ट्राचा नकाशा पातळ कागदाखाली ठेवून गिरवायला सांगा. दुसऱ्याने पहिल्याचा कागद गिरवायचा, तिसऱ्याने दुसऱ्याचा. दहाव्या मुलापर्यंत कोकणचा किनारा ओळखू येणार नाही. आता त्याच दहा जणांना सतराचा पाढा एकमेकांच्या वहीतून उतरवू द्या. अक्षर कसेही असो, दहावा पाढा पहिल्याइतकाच बरोबर असेल. कॅसेटवरून कॅसेट करणे हे नकाशा गिरवण्यासारखे होते. प्रत्येक नकलेत खरखर वाढे, वरचे सूर बोथट होत. ध्वनिमुद्रण कंपन्या नकलांविरुद्ध तक्रार करीत, पण ही खरखरच त्यांची खरी राखणदार होती.

१९८२ साली बाजारात आलेल्या सीडीने गाण्याचा पाढा केला. ध्वनितरंगाची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजायची आणि ते आकडे लिहून ठेवायचे. एवढ्या वेळा कशासाठी? माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, आणि एखादे कंपन आकड्यांत नीट पकडायचे तर त्याच्या दुपटीहून अधिक वेळा मोजावे लागते. प्रत्येक मोजणी १६ बिटांची, म्हणजे उंचीच्या ६५,५३६ पायऱ्या. डावा आणि उजवा असे दोन आवाज. फळ्यावर गुणाकार मांडा : ४४,१०० × १६ × २ = १४,११,२०० बिट, तेही एका सेकंदाला. चार मिनिटांच्या गाण्याला सुमारे ३३ कोटी ८७ लाख बिट होतात. त्या काळच्या घरगुती टेलिफोनच्या तारेवरून मोडेम फार तर सेकंदाला ५६,००० बिट आणी. भागाकार केला तर एका गाण्याला एक तास चाळीस मिनिटे लागतात. खरखर गेली, तरी तारेची ही अरुंद वाट कंपन्यांच्या बाजूने उभी होती.

ही वाट रुंद करण्याऐवजी गाणेच बारीक करण्याचे काम जर्मनीतील एर्लांगेन येथे झाले. कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि फ्राउनहोफर संस्थेतील त्यांचे सहकारी यांनी आवाजापेक्षा कानाचा अभ्यास अधिक केला. जोराचा एक सूर चालू असताना त्याच्या जवळच्या कंप्रतेचा हळू सूर आपल्याला ऐकूच येत नाही. मोठा आवाज थांबल्यानंतरही क्षणभर कान बधिर राहतो. जे ऐकूच येणार नाही ते लिहून ठेवायचे कशाला? गाण्याचे बारीक तुकडे करून प्रत्येक तुकडा कंप्रतांच्या ५७६ कप्प्यांत विभागायचा, कोणत्या कप्प्यात किती चूक खपून जाईल हे कानाच्या गुणधर्मांवरून ठरवायचे आणि तेवढ्याच काटेकोरपणे आकडे लिहायचे. शेवटी वारंवार येणाऱ्या आकड्यांना आखूड आणि क्वचित येणाऱ्यांना लांब चिन्हे द्यायची. ही शेवटची युक्ती हफमन यांची, १९५२ सालची. सगळ्यात अवघड परीक्षा साथसंगतीशिवायच्या मानवी गळ्याची निघाली. सुझान व्हेगा या गायिकेचे 'टॉम्स डायनर' हे गाणे ब्रांडेनबुर्ग यांनी त्यासाठी पुन:पुन्हा ऐकले. १९९५ साली या पद्धतीच्या फाइलींना 'एमपी३' हे नाव मिळाले. सेकंदाला १,२८,००० बिटांत गाणे बसू लागले, म्हणजे मूळच्या अकराव्या हिश्शात. मघाचा भागाकार पुन्हा केला तर उत्तर येते नऊ मिनिटे.

दुसरी राखणही अशी गेली. ही संशोधक मंडळी चोरांना मदत करायला बसली नव्हती. टेलिफोनच्या तारेवरून संगीत कसे पाठवावे, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

जून १९९९ मध्ये शॉन फॅनिंग या कॉलेजातल्या तरुणाचा 'नॅपस्टर' हा प्रोग्रॅम आला. त्याची रचना समजून घेण्याजोगी आहे, कारण पुढचे सारे निकाल रचनेवरच फिरले. गाणी नॅपस्टरकडे नव्हतीच, ती लोकांच्या घरच्या संगणकांवर होती. नॅपस्टरकडे होती फक्त यादी : कोणाकडे कोणते गाणे आहे. ग्रंथालयात पुस्तके नाहीत, फक्त कार्डांचे कपाट आहे, आणि पुस्तक शेजाऱ्याच्या घरून आणायचे, असा प्रकार. डिसेंबर १९९९ मध्ये ध्वनिमुद्रण कंपन्यांनी दावा लावला. एप्रिल २००० मध्ये मेटॅलिका हा वाद्यवृंदही न्यायालयात गेला. 'आमच्याकडे गाणी नाहीत' हा बचाव टिकला नाही. यादी तुमच्याकडे आहे, तर त्यातली बेकायदा नोंद काढणेही तुमच्या हाती आहे, असे न्यायालयाने धरले. जुलै २००१ मध्ये ती सेवा बंद पडली.

तोपर्यंत यादीच नसलेली जाळी निघाली होती. 'नटेला'सारख्या जाळ्यात एक संगणक शेजारच्या संगणकाला विचारतो, तो पुढच्याला. कपाटच नाही, मग कुलूप कशाला लावणार? कंपन्यांनी अखेर वापरणाऱ्यांनाच गाठले. सप्टेंबर २००३ मध्ये एकाच वेळी २६१ जणांवर दावे झाले, आणि त्यांत न्यूयॉर्कची १२ वर्षांची एक मुलगी निघाली. तिच्या आईने २,००० डॉलर देऊन प्रकरण मिटवले. शिक्षकाच्या नजरेने पाहिले तर या वादातला आम्हाला सर्वांत खटकलेला प्रसंग तोच. २००५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'ग्रोक्स्टर' खटल्यात ठरवले, की नक्कल करायला लोकांना जाणूनबुजून उद्युक्त करणारा जबाबदार धरला जाईल, मग त्याच्याकडे यादी असो वा नसो.

आता बाजाराचा हिशेब. अमेरिकेत ध्वनिमुद्रित संगीताची उलाढाल १९९९ साली सुमारे १,४६० कोटी डॉलर होती. पंधरा वर्षांत ती निम्म्याखाली गेली. कंपन्यांच्या मते कारण उघड होते. पण एकामागून एक घडले म्हणजे एकामुळे दुसरे घडले, असे होत नाही, हे आपण वर्गात नेहमी सांगतो. जुन्या तबकड्या बदलून सीडी घेण्याची लाट ओसरत होती, मुलांचे पैसे इतर करमणुकींकडेही वळत होते, आणि एका आवडत्या गाण्यासाठी बारा गाण्यांची सीडी घेण्याची सक्ती उरली नव्हती.

ओबरहोल्झर-गी आणि स्ट्रम्फ या अर्थशास्त्रज्ञांनी एक मोठी गमतीची वाट काढली. अमेरिकन लोक उतरवीत असलेली पुष्कळ गाणी जर्मन मुलांच्या संगणकांवरून येत. जर्मनीत शाळांना सुट्टी लागली, की ही मुले अधिक वेळ जाळ्यात असत आणि अमेरिकेत नक्कल सोपी होई. जर्मन शाळांच्या सुट्टीचा अमेरिकन दुकानांशी दुसरा काही संबंध नाही. तेव्हा नकलेने विक्री घटत असेल, तर ती त्या आठवड्यांत घटलेली दिसावी. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात परिणाम शून्याहून वेगळा दाखवता आला नाही. याचा अर्थ परिणाम शून्य आहे असा नव्हे, मोजपट्टी तेवढी बारीक नव्हती असाही असू शकतो. लीबोविट्झ यांनी या पद्धतीवर कडाडून टीका केली. रॉब आणि वॉल्डफोगेल यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांनाच विचारले. त्यांच्या उत्तरांवरून फुकट उतरवलेल्या पाच अल्बमांमागे सुमारे एका अल्बमची खरेदी बुडते, असे निघाले. आमचे मत विचाराल तर नुकसान खरे होते. पण प्रत्येक नक्कल म्हणजे एक बुडालेली विक्री, हा कंपन्यांचा हिशेब आमच्या सातवीच्या मुलांनीही तपासायला मागितला असता.

अशी भांडणे नवी नाहीत. १९०६ साली अमेरिकन बँडप्रमुख सूसा यांनी यांत्रिक संगीताविरुद्ध लेख लिहिला होता. १९०९ च्या कायद्याने स्वयंचलित पियानोच्या प्रत्येक गुंडाळीमागे संगीतकाराला दोन सेंट ठरवून दिले, आणि तंटा निवळला. इथेही तसेच काहीसे झाले. २००३ साली ॲपलने एक गाणे ९९ सेंटना विकायला काढले, पुढे महिन्याची वर्गणी भरून हवे ते ऐकण्याची सोय आली, आणि २०१५ पासून जगभरची उलाढाल पुन्हा चढू लागली. त्यातले गायकाच्या हाती किती पडते, याची तक्रार मात्र अजून मिटलेली नाही.

राहिला त्या बाईंचा प्रश्न. आपल्या १९५७ च्या कायद्याचे कलम ५२ पाहिले. शाळेच्या कामाचा भाग म्हणून शिक्षक-विद्यार्थ्यांनी गाणे गायले किंवा ध्वनिमुद्रण वाजवले, आणि ऐकणारे शाळेतले लोक व पालकच असले, तर हक्कभंग होत नाही. मात्र ते ध्वनिमुद्रण आले कुठून, हा प्रश्न वेगळा उरतो. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षांनी संपतो, कवीचा त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी. म्हणून तबकडी मोकळी झालेली आणि कविता अजून बांधलेली, असेही घडते. आम्ही हे सारे बाईंना पत्राने कळवले. उलट टपाली त्यांनी विचारले आहे, "आमच्या मुलांनी म्हटलेले गाणे मी फोनवर मुद्रित केले. ते आता कोणाचे? कवीचे, माझे की मुलांचे?"