वादळात भ्यायचं की नाही?

खराडीत जोराचा पाऊस आला की लाइट जाते आणि हॉस्टेलमध्ये गप्पांना ऊत येतो. अशाच एका रात्री मी एक गोष्ट सांगितली. मी कॉन्व्हेंटचा, त्यामुळे बायबलच्या गोष्टी लहानपणापासून ऐकलेल्या. गालील समुद्रात वादळ होतं, नावेत पाणी शिरतं आणि येशू झोपलेला. शिष्य त्याला उठवतात. तो वादळ शांत करतो आणि विचारतो, घाबरलात कशाला, विश्वास नाही का?

माझा रूममेट श्रीवर्धनकडचा. तो म्हणाला, "३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्याकडेच धडकलं. आई घाबरली म्हणून आम्ही सकाळीच घर सोडून शाळेत गेलो. परत आलो तर छप्पर गायब. मग काय, आईचा विश्वास कमी होता?"

मला उत्तर देता येईना. म्हणून बायबल पुन्हा काढलं.

गालील हा खरं तर समुद्र नाही, गोड्या पाण्याचं सरोवर आहे. समुद्रसपाटीच्या सुमारे २१० मीटर खाली. भोवतालच्या डोंगरांवरून थंड वारा खाली उतरला की तिथे अचानक वादळ होतं. शिष्यांतले काही जण तिथलेच कोळी. म्हणजे त्यांची भीती अडाणीपणाची नव्हती.

आता खरी गंमत. मार्कच्या ग्रीक मजकुरात इथे दोन वेगळे शब्द आहेत. येशू विचारतो तेव्हा 'डेइलॉस', म्हणजे कच खाणारा, भेकड. वादळ शमल्यावर शिष्य पुन्हा घाबरतात, तिथे 'फोबोस'. त्यात धाक आणि आदरही येतो. आपण दोन्हीला भीतीच म्हणतो आणि गोंधळ होतो. पंडिता रमाबाईंनी केडगावला राहून मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. त्यांच्यापुढेही असे शब्द आले असणारच. नीतिसूत्रांत देवाचं भय ही ज्ञानाची सुरुवात, तर योहानाच्या पत्रात प्रेम भीतीला घालवतं. पण योहान जिच्याबद्दल बोलतो ती शिक्षेची भीती, हे तो स्वतःच सांगतो.

तरी रूममेटचं उत्तर मला सापडलं ते प्रेषितांच्या कृत्यांत, २७ व्या अध्यायात. पौल कैदी म्हणून जहाजातून रोमला चाललेला. प्रवास धोक्याचा आहे, असं तो आधीच बजावतो, पण कोणी ऐकत नाही. मग वादळ. खलाशी जहाजाला दोर आवळतात, सामान फेकून वजन कमी करतात. सगळे वाचतील असं देवदूताने सांगितल्याचं पौल कळवतो. तरीही चौदाव्या रात्री खलाशी पाण्याची खोली मोजतात. आधी २० वाव, थोड्या वेळाने १५. खडकावर आपटू या भीतीने मागून चार नांगर टाकतात. त्याबद्दल पौल त्यांना एका शब्दाने बोलत नाही. उलट तेच खलाशी होडीतून पळायला बघतात तेव्हा तो म्हणतो, हे जहाजात राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. शेवटी जहाज फुटतं, पण २७६ च्या २७६ माणसं माल्टा बेटावर जिवंत पोचतात.

म्हणजे भीती वाटणं हा दोष नाही. दोर आवळायला, खोली मोजायला लावते ती भीती कामाची. बाकीच्यांना सोडून पळायला लावते ती भेकड. आपण इंजिनियर तरी वेगळं काय करतो? फॅक्टर ऑफ सेफ्टी म्हणजे नीट वापरलेली भीतीच की!

हे सगळं रूममेटला सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आईने निघताना शेजारच्या आजीलाही बरोबर घेतलं होतं."

माझ्या मते उत्तर तिथेच मिळालं.