घर बांधायचंय? आधी वही उघडा, मग फक्की मारा



घरकुलाच्या यादीत नाव आलं की घरात आनंद होतो, आणि त्याच आठवड्यात सल्ले सुरू होतात. दीर म्हणतो, "एकदाच बांधायचं तर मोठं बांधा." मिस्त्री म्हणतो, "वहिनी, अजून चार फूट घ्या, काय फरक पडतोय?"

फरक पडतो, ताई. भिंती उभ्या आहेत, वर स्लॅब नाही, सळ्या गंजून लाल झाल्यात, अशी दोन-चार घरं आपल्या प्रत्येकीच्या गावात आहेत. ती बांधणारी माणसं आळशी नव्हती. फक्की मारली त्या दिवशी पैशाचा हिशेब झालेला नव्हता, एवढंच. घराचा खर्च स्लॅब पडतो तेव्हा ठरत नाही, जमिनीवर फक्कीची रेष पडते तेव्हाच ठरतो. म्हणून तो हिशेब आधी कसा करायचा ते या लेखात बघू. वही आपल्याला नवी नाही. गटाची पंचसूत्री पाळणाऱ्या बाईला जमा-खर्च शिकवावा लागत नाही.

पहिलं पान: जमा

प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये सपाट भागात १,२०,००० रुपये आणि डोंगराळ, दुर्गम भागात १,३०,००० रुपये मिळतात. त्याशिवाय रोजगार हमीतून ९० दिवसांपर्यंतची अकुशल मजुरी मिळू शकते. २०२५-२६ चा आपल्या राज्याचा दर दिवसाला ३१२ रुपये होता, म्हणजे ९० दिवसांचे २८,०८० रुपये. पण त्यासाठी जॉब कार्ड हवं, मस्टर निघायला हवं आणि कामावर घरची माणसं हवीत. मस्टरची चौकशी काम सुरू होण्याआधीच ग्रामरोजगार सेवकाकडे करा. शौचालयाचे १२,००० रुपये वेगळे असतात, पण आधी घेतलेले असतील तर परत मिळत नाहीत. म्हणून ते या हिशेबात धरू नका, शौचालयाच्याच खर्चाला ठेवा.

राज्य शासनाकडून घरकुलाला आणखी काही मिळणार आहे का, ते ग्रामपंचायतीत विचारा. जे मंजुरीच्या कागदावर आहे तेच जमेला लिहा. "मिळेल म्हणतात" ते जमेला धरायचं नाही.

आणखी एक गोष्ट. पहिला हप्ता मंजुरीनंतर येतो. पुढचे हप्ते मात्र काम त्या त्या टप्प्यावर पोहोचल्यावर, फोटो ऑनलाइन गेल्यावर येतात. म्हणजे आधी काम, मग पैसा. मधल्या काळात गवंडी, मजूर आणि सिमेंटवाला यांना द्यायला हातात थोडी रक्कम लागतेच. पहिला हप्ता बियाण्यात किंवा लग्नकार्यात गेला तर जोतं होत नाही, आणि जोतं झालं नाही तर पुढचा हप्ता येत नाही. अडकलेल्या बऱ्याच घरकुलांची गोष्ट इथूनच सुरू होते.

दुसरं पान: किती फूट?

योजनेप्रमाणे घर कमीत कमी २५ चौरस मीटरचं, म्हणजे साधारण २७० चौरस फुटांचं हवं. स्वयंपाकाची जागा त्यातच येते.

आता आपल्या गावात गेल्या वर्षभरात घर बांधलेल्या दोन-तीन बायकांना विचारा, सगळा मिळून फुटाला किती खर्च आला. समजा उत्तर १,२०० रुपये आलं. हा आकडा फक्त उदाहरणासाठी आहे, तुम्ही तुमच्या गावचा टाका.

२७० फुटांचं घर: ३,२४,००० रुपये. जमा १,२०,००० अधिक २८,०८०, म्हणजे १,४८,०८०. कमी पडतात १,७५,९२०.

४०० फुटांचं घर: ४,८०,००० रुपये. जमा तेवढीच. कमी पडतात ३,३१,९२०.

बघा, घर दीडपटही झालं नाही, पण आपल्या पदरचा पैसा जवळजवळ दुप्पट झाला. कारण सरकारी रक्कम फुटाप्रमाणे वाढत नाही. वाढलेल्या प्रत्येक फुटाचा सगळा भार आपल्यावर.

शिवाय एकूण खर्चाच्या दहा टक्के रक्कम अडीअडचणीसाठी वेगळी लिहा. पायाला काळी माती लागली तर खोल जावं लागतं, पाऊस लवकर येतो, सिमेंटचा भाव चढतो.

कमी पडणाऱ्या रकमेसमोर ती कुठून येणार ते लिहा: बचत, जुन्या घराचे दगड, दारं, पत्रे, घरच्यांची मजुरी, गटाचं कर्ज. सगळं लिहूनही बेरीज जुळत नसेल तर फक्की मारू नका, नकाशा बदला. २७० फुटांच्या खाली जाता येत नाही, पण आज स्लॅबऐवजी चांगला पत्रा टाकता येईल का, ते गृहनिर्माण अभियंत्याला विचारा. पुढे खोली वाढवायची इच्छा असेल तर ती कुठल्या बाजूला हे आजच ठरवा आणि त्या बाजूला जागा मोकळी ठेवा. घर मुलासारखं हळूहळू वाढलं तरी चालतं.

तिसरं पान: माल मोजून घ्या

एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. वाळू किंवा खडी आली की ट्रॉलीची आतली लांबी, रुंदी आणि मालाची उंची फुटात मोजा, तिन्हींचा गुणाकार करा, शंभरने भागा. ट्रॉली ९ फूट लांब, ६ फूट रुंद आणि माल २ फूट उंच असेल तर १०८ घनफूट, म्हणजे ब्रासपेक्षा थोडं जास्त. उंची दीडच फूट असेल तर ८१ घनफूट. मग पैसे एका ब्रासचे का द्यायचे? टेप घेऊन उभ्या राहा. दोघी-तिघी मिळून गेलात तर कुणी हसत नाही. घरकुलाच्या लाभार्थ्याला ५ ब्रासपर्यंत वाळू मोफत मिळण्याची तरतूद आपल्या राज्यात आहे. अर्ज वेळेवर करा, मात्र वाहतुकीचा खर्च वहीत लिहा.

सळई वजनावर विकत घेतो, म्हणून वजन ओळखता यायला हवं. १२ मीटर लांबीची ८ मिलिमीटरची सळई साधारण पावणेपाच किलो, १० मिलिमीटरची सात किलो चारशे ग्रॅम आणि १२ मिलिमीटरची दहा किलो साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास भरते. नग मोजा, वजनाने गुणा, पावतीशी ताडून बघा.

२७० फुटांचा साडेचार इंची स्लॅब म्हणजे साधारण १०० घनफूट काँक्रीट. दीडास तीन प्रमाणाला, म्हणजे एक सिमेंट, दीड वाळू, तीन खडी धरली, तर २३ ते २५ पोती सिमेंट लागतं. कुणी १५ पोत्यांत भागवतो म्हणालं तर ती बचत नाही, डोक्यावरचा धोका आहे.

चौथं पान: कुठे हात आखडायचा, कुठे नाही

फरशी, रंग, कंपाउंड, दाराची नक्षी हे सगळं दोन वर्षांनी करता येतं. तिथे बिनधास्त वाचवा. पाया, सळई, स्लॅब आणि खिडकी-दारावरून चारही भिंतींना बांधणारा काँक्रीटचा पट्टा मात्र नंतर करता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या जड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. भिंती एकमेकींना बांधलेल्या असणं म्हणजे काय, हे मराठवाड्याला सांगायला नको.

आणि पाणी! काँक्रीटला, बांधकामाला, प्लास्टरला किमान सात दिवस, जमलं तर दहा ते चौदा दिवस पाणी मारायचं. स्लॅबवर मातीचे आळे करून पाणी साठवून ठेवायचं. बहुतेक घरांत हे काम बाईवरच येतं आणि त्याचा खर्च कुणी धरत नाही. उन्हाळ्यात टँकर लागणार असेल तर तो खर्च पहिल्या दिवशीच वहीत लिहा.

पाचवं पान: मिस्त्रीशी बोली

बोली तोंडी नको, साध्या कागदावर लिहा आणि दोघांच्या सह्या घ्या. दर फुटाला किती? मोजमाप आतून की बाहेरून, छज्जा धरून की सोडून? खोदाई, सेंट्रिंग, प्लास्टर, ओटा, पायऱ्या त्यात आहेत का? पैसे टप्प्याने द्या: जोतं, भिंती, स्लॅब, प्लास्टर. शेवटचा दहावा हिस्सा एक पाऊस बघून किंवा निदान गळती तपासून द्यायचा, हेही आधीच ठरवा. चांगला मिस्त्री याला नाही म्हणत नाही.

सहावं पान: कर्ज

कर्ज घेताना "व्याज किती टक्के" एवढंच विचारू नका. "व्याज उरलेल्या रकमेवर की सुरुवातीच्या सगळ्या रकमेवर?" हेही विचारा. ७०,००० रुपये, तीन वर्षं, वर्षाला १२ टक्के धरू. उरलेल्या रकमेवर व्याज असेल तर महिन्याचा हप्ता साधारण २,३२५ रुपये आणि एकूण व्याज १३,७०० च्या आसपास. तेच १२ टक्के सुरुवातीच्या रकमेवर लावले तर हप्ता २,६४४ रुपये आणि व्याज २५,२००. टक्के तेच, व्याज जवळजवळ दुप्पट. महिन्याला शेकडा दोन रुपयांनी घेतलं, म्हणजे वर्षाला २४ टक्के, तर उरलेल्या रकमेवरही व्याज २८,८०० च्या पुढे जातं.

सही करण्याआधी हप्ता आपल्या सगळ्यात कोरड्या महिन्यासमोर ठेवा. सोयाबीन विकल्यावर २,३२५ रुपये सहज निघतात. जूनमध्ये, पेरणी आणि शाळा एकत्र आल्यावर निघतात का? निघत नसतील तर कर्ज कमी घ्या. एका हप्त्यासाठी दारावर येणाऱ्या फायनान्सचं दुसरं कर्ज उचललं की घराचा आनंद तिथेच संपतो.

शेवटचं पान: नाव कुणाचं?

घरकुल बाईच्या नावावर किंवा पती-पत्नी दोघांच्या नावावर मंजूर करावं, असं योजनाच सांगते. पण तेवढ्यावर थांबू नका. घर पूर्ण झाल्यावर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्यावर आपलं नाव लागलंय का ते स्वतः बघा, उतारा काढून घरात ठेवा. बचत आपली, कर्ज आपलं, स्लॅबवर पाणी मारणारे हात आपले. मग उताऱ्यावर नाव का नको?

पुढच्या बैठकीत एवढं करा: गटात ज्या ताईचं घरकुल मंजूर झालंय, तिच्या घराचा हिशेब सगळ्यांनी मिळून फळ्यावर मांडा. जमा, खर्च, कमी पडणारी रक्कम आणि जूनचा हप्ता. बेरीज जुळली तर सगळ्या मिळून फक्की मारायला जा. नाही जुळली तर पेन आपल्याच हातात आहे. कागदावरची भिंत खोडायला पैसे पडत नाहीत.

तुमची,
क्षेत्र समन्वयक